दांडा कापावा की ठेवावा?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक काकू मार्च महिन्यात नेहमीच्या तपासणीसाठी दवाखान्यात आल्या होत्या. रक्तदाब पाहून झाला, साखरेचा अहवाल वाचून झाला, गोळ्यांची चिठ्ठी लिहून झाली. सूनबाई उठल्या, काकू मात्र बसूनच राहिल्या. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि एक छायाचित्र माझ्यासमोर धरले. जाड, पसरट हिरवी पाने, त्यांच्यामधून वर आलेला लांब दांडा आणि त्या दांड्यावर एकही फूल नाही.

“डॉक्टर, ही म्हणते, फुलं झाली, आता दांडा मुळापासून कापून टाकू या. मला वाटतं, अजून हिरवा आहे तर राहू द्यावा. तुम्ही काय म्हणता?”

उत्तर मला ठाऊक नव्हते. तरीही तो प्रश्न ऐकून मला फार बरे वाटले. त्याचे कारण समजण्यासाठी आधीच्या सात महिन्यांची हकिकत सांगायला हवी.

ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या ओल्या फरशीवर काकू घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. तीस-पस्तीस कुंड्यांना त्या रोज सकाळी वाकून पाणी घालत असत. प्लास्टर घालून झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मी सूनबाईंना ठणकावून सांगितले, “आता कुंड्या पूर्ण बंद.” घरची माणसे माझ्या शब्दाला मान देणारी. दोन दिवसांत गॅलरी रिकामी झाली. मनगट यथाकाल जुळले. साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहिले. पण काकूंचे बोलणे हळूहळू आटत गेले. ‘झोप कशी लागते?’ असे मी विचारावे आणि उत्तर सूनबाईंनी द्यावे, असा क्रम सुरू झाला. मी थायरॉइडची आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घेतली. नैराश्याच्या अंगाने चार प्रश्नही विचारले. दोष कुठे आहे, हे मात्र मला दिसले नाही, कारण तो माझ्याच सल्ल्यात होता. घसरण्याचे कारण ओली फरशी आणि वाकणे हे होते. मी बंद केल्या त्या कुंड्या.

डिसेंबरअखेरीस नातवाने वाढदिवसाची भेट म्हणून जांभळ्या फुलांचे एक ऑर्किड आणले. ते जेवणाच्या टेबलावर राहिले, दहा आठवडे फुललेले राहिले आणि मग त्याची फुले एकेक करून गळाली. त्यानंतर हा प्रश्न आला. सात महिन्यांत काकूंनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि त्यात त्यांचे स्वतःचे एक मतही होते. मी म्हटले, “काकू, मला आठ दिवस द्या. विचारून सांगतो.” एका रोपवाटिकेत वर्षानुवर्षे ऑर्किड सांभाळणाऱ्या माळीदादांकडून आणि नंतर वाचनातून जे शिकलो, ते आज येथे देतो. अनेक घरांत आता असे एखादे भेटीचे ऑर्किड असते, आणि फुले गळताच ते मेले असे समजून कचऱ्यात जाते.

आधी रोपाची ओळख

भेट म्हणून येणारे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस असते. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली हे नाव दिले. ‘पतंगासारखे दिसणारे’ असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ऑर्किडला आमरी म्हणतात. आमरीच्या अनेक जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात, म्हणून काही जण त्यांना बांडगूळ समजतात. ते चूक आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते. हवेतला ओलावा, पावसाचे पाणी आणि सालीवर साचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे भागते. या शिस्तीमुळेच तिला रोज पाणी लागत नाही आणि तिचा जीव पानांत व मुळांत साठवलेल्या शिदोरीवर चालतो. दांडा कापण्याचा निर्णय या शिदोरीकडे पाहून घ्यायचा असतो.

फॅलेनॉप्सिसच्या दांड्याकडे जवळून पाहिले, तर त्यावर उसासारखी पेरे दिसतात. प्रत्येक पेरावर पातळ, त्रिकोणी खवल्याखाली एक डोळा झाकलेला असतो. दांडा हिरवा आहे तोवर हे डोळे जिवंत असू शकतात. त्यातला एखादा फुटला, तर बाजूने नवी फांदी निघते आणि तिला पुन्हा कळ्या येतात. दांडा एकदा पिवळा किंवा तपकिरी पडून वाळला, की त्यातून काही उगवत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

शेवटचे फूल कोमेजेपर्यंत थांबावे. त्यानंतर आधी दांड्याचा रंग पाहावा, मग पाने आणि मुळे पाहावीत.

दांडा वाळला असेल तर प्रश्नच उरत नाही. बुंध्याशी एक-दोन सेंटिमीटर ठेवून तो कापावा. अर्धा वाळला असेल, तर वाळलेला भागच हिरव्या पेराच्या किंचित वर कापावा आणि वाट पाहावी.

दांडा हिरवा असेल तर रोपाची ताकद तपासावी. निरोगी रोपाला चार-पाच तरी घट्ट, ताठ पाने असतात. मुळे जाड असतात. कोरडी असताना ती रुपेरी दिसतात आणि पाणी मिळताच हिरवी होतात. असे रोप असेल, तर दांड्याच्या तळापासून वर डोळे मोजावेत आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या वर साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवून कापावे. डोळा फुटलाच, तर दोन-तीन महिन्यांत फुले येतात. पहिल्या बहरापेक्षा ती संख्येने कमी आणि आकाराने लहान असतात. काही जण दांडा अजिबात कापत नाहीत. तेही चालते, क्वचित त्याच्या टोकालाच आणखी कळ्या धरतात.

पाने मऊ पडली असतील, त्यांवर सुरकुत्या असतील, पाने दोन-तीनच असतील किंवा मुळे कुजलेली असतील, तर दांडा हिरवा असला तरी बुंध्याशी कापावा. अशक्त रोपाला दुसरा बहर मागणे म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला पंगतीत वाढायला लावण्यासारखे आहे. दांडा गेला, की रोप उरलेले बळ नवे पान आणि नवी मुळे यांवर खर्च करते, आणि पुढच्या बहराची तयारी तेथेच होत असते.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. फॅलेनॉप्सिसला नवा दांडा येण्यासाठी काही आठवडे रात्री थंड लागतात. साधारण सोळा ते वीस अंशांचे रात्रीचे तापमान त्याला मानवते. तैवानमध्ये व्यावसायिक बागायतदार याच कारणासाठी रोपे उंच डोंगरावरच्या थंड हवेत हलवत असत. महाराष्ट्रात दिवाळीनंतरच्या रात्री हे काम फुकट करून देतात. कोकणात आणि मुंबईत हा गारवा उशिरा येतो, म्हणून तेथे रोप हिवाळ्यात रात्री खिडकीजवळ ठेवावे. दांडा दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात.

या हिशेबाने फुले मार्च-एप्रिलमध्ये गळली, तर पुढे वैशाखाचा उन्हाळा असतो. त्या काळात रोपाला जगण्याचेच कष्ट असतात. म्हणून आपल्याकडे अशा वेळी दांडा बुंध्याशी कापून रोपाला विश्रांती देणे बहुधा शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यात नवे पान येते आणि हिवाळ्यात नवा, जोमदार दांडा. फुले डिसेंबर-जानेवारीतच गळली आणि रोप धष्टपुष्ट असेल, तर डोळ्यावर कापून पाहण्यास हरकत नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. कधी कधी दांड्याच्या डोळ्यातून फुलांऐवजी इवलीशी पाने फुटतात. ते रोपाचे पिल्लू असते. त्याला पाच-सात सेंटिमीटर लांबीची स्वतःची मुळे येईपर्यंत तो दांडा कापू नये.

डेंड्रोबियमचे निराळे

गॅलरीत टांगलेली, उसाच्या बारीक कांड्यांसारखी खोडे असलेली ऑर्किड बहुधा डेंड्रोबियम असतात. त्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. फुलांचा दांडा वाळला, की तो खोडाला जेथे जोडलेला असतो, तेवढ्याच ठिकाणी कापावा. खोड कापू नये. पाने गळून उघडे पडलेले जुने खोड मेलेले वाटते, पण हिरवे आणि टणक आहे तोवर त्यात पाणी आणि अन्न साठलेले असते. नव्या कोंबांना तेच पोसते, आणि पुष्कळदा त्याच जुन्या खोडावर पुन्हा फुले येतात. ते पूर्ण वाळून पोकळ झाले, तरच काढावे. वांडाचा वाळलेला दांडा खोडालगत कापावा. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी पावसाळ्याच्या तोंडाशी फुलते. तिचाही नियम हाच. मात्र ती रानातून तोडून घरी आणू नये, रोपवाटिकेतूनच घ्यावी.

कापताना स्वतःचे हातही जपावेत

आता थोडे माझ्या विषयाचे. ज्येष्ठांनी हे काम उभ्याने, वाकून किंवा गॅलरीच्या कठड्याशी करू नये. कुंडी टेबलावर घ्यावी, खुर्चीत बसावे, चष्मा लावावा आणि दिवसाच्या उजेडात कापावे. दाढीचे दुधारी पाते वापरू नये. लहान, धारदार कात्री बरी. मधुमेहामुळे बोटांची संवेदना मंदावली असेल, तर कापलेले लवकर कळतही नाही, म्हणून हातमोजे घालावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि बोट कापले, तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे; मधेमधे उघडून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली आहे का, तेही विचारावे.

ऑर्किडचे काही विषाणूजन्य रोग कात्रीवाटे एका रोपातून दुसऱ्यात जातात. घरात एकच रोप असेल, तर कात्री साबणाने धुऊन, कोरडी करून, स्पिरिटने पुसली तरी पुरे. अनेक रोपे असतील, तर केवळ स्पिरिटवर विसंबू नये. बागायतदार दोन रोपांच्या मध्ये पाते ज्योतीवर तापवतात. मात्र हाताला सॅनिटायझर लावलेले असताना किंवा स्पिरिटची बाटली जवळ उघडी असताना ज्योतीजवळ जाऊ नये. घरात रुग्णासाठी प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर असेल, तर ज्योत पेटवूच नये. प्रत्येक रोपासाठी कटरचे नवे पाते घ्यावे आणि वापरलेले पाते जाड कागदात गुंडाळून टाकावे.

कापलेल्या टोकाला चिमूटभर दालचिनीची पूड लावतात. त्याने जखम लवकर सुकते. ती मुळांवर मात्र पडू देऊ नये, मुळेही सुकतात. कुंडीत ओले शेवाळ भरलेले असेल, तर हातावर ओरखडा असताना ते उपसू नये. त्यातून क्वचित एक बुरशीजन्य संसर्ग होतो. बोटावर न दुखणारी गाठ येते, आठवडे गेले तरी बरी होत नाही आणि हातावर वरच्या दिशेने ओळीने आणखी गाठी उठतात. असे दिसले, तर डॉक्टरांना बागकामाचा उल्लेख आवर्जून करावा; त्यावर औषध आहे.

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तेवढे पाणी पुरते. रोपालाही ते नकोच असते, त्याची मुळे कुजतात. पाणी सकाळी, मुळे रुपेरी दिसू लागली की द्यावे आणि पानांच्या मधल्या पोकळीत ते राहू देऊ नये. खत द्यायचेच असेल, तर वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा, लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम १९:१९:१९ पुरे. खताची आणि औषधाची पाकिटे विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

काळजी घेणाऱ्यांशी दोन शब्द

१९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासातील ९१ रहिवाशांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगण्यात आले, की आपले दिवस कसे घालवायचे ते तुम्ही ठरवा. आणि हवे ते रोप निवडून त्याची निगा स्वतः राखा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे मिळाली, पण त्यांना पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनी पाहता, ज्यांच्या हाती निर्णय होते ती माणसे अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक मिळून-मिसळून वागणारी आढळली. अभ्यास लहान होता आणि त्यावरून मोठमोठे दावे करू नयेत. परंतु रोपे दोन्ही मजल्यांवर होती, ही गोष्ट मला विचार करायला लावते. फरक होता तो निर्णय कोणाचा, यात.

आपल्या घरांत ज्येष्ठांची सेवा मनापासून होते. पाणी हातात मिळते, गोळ्या वेळेवर मिळतात. पण ‘राहू द्या आई, मी करते’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा उच्चारले गेले, की त्या माणसाकडे ठरवण्यासारखे काही उरत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की घरात ऑर्किड असेल तर त्याचा दांडा कापायचा की ठेवायचा, हे ज्यांचे रोप आहे त्यांना ठरवू द्या. हात थरथरत असतील, तर कात्री तुम्ही धरा आणि कुठे कापायचे ते त्यांना सांगू द्या. नजर अधू असेल, तर डोळे बोटाने चाचपून मोजता येतात. स्मरणशक्ती क्षीण झाली असेल, तर धारदार वस्तू दूर ठेवून पाने पुसण्याचे काम त्यांना द्या. रोप वाचले-मेले तर काही शेकड्यांचे नुकसान; ते सोसण्यासारखे आहे.

त्या काकूंना मी आठ दिवसांनी दोन्ही बाजू सांगितल्या. मार्च आहे, उन्हाळा तोंडावर आहे, माळीदादांच्या मते बुंध्याशी कापणे बरे, हेही सांगितले. काकूंनी सर्व ऐकून घेतले आणि तिसऱ्या डोळ्यावर कापायचे ठरवले. दांडा त्यांनी डाव्या हाताने धरला आणि उजव्या हाताने स्वतः कापला. त्या मनगटाने प्लास्टरनंतर केलेले ते पहिले नाजूक काम होते.

डोळा फुटला नाही. मे महिन्यात दांडा वाळला. पुढच्या तपासणीला काकू म्हणाल्या, “चुकलं माझं. तुमचा माळी बरोबर होता.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या निर्णयाने चुकायला मिळालेल्या माणसाचा तो चेहरा होता. वाळलेला दांडा त्यांनी बुंध्याशी कापला. पावसाळ्यात एक नवे पान आले. त्या सुमारास मी माझा जुना सल्लाही दुरुस्त केला. गॅलरीत कमरेच्या उंचीची एक मांडणी बसली, पाणी घालण्यासाठी लांब नळीची झारी आली, फरशी कोरडी ठेवायचे ठरले आणि त्या मांडणीवर सहा कुंड्या परतल्या.

जानेवारीत काकू आल्या, तेव्हा पुन्हा मोबाइल निघाला. पानांच्या खाचेतून एक हिरवे टोक डोकावत होते. मी म्हटले, “वा, नवं मूळ आलं!” काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “मूळ नाही, डॉक्टर. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं. हे पाहा, याला मुठीसारखा आकार आहे, बाजूला अंगठ्यासारखा उंचवटा आहे. हा दांडा आहे.”

सूनबाई या वेळी काही बोलल्या नाहीत; त्या नुसत्या हसल्या. काकू बोलत होत्या आणि बाहेर पुढचा रुग्ण खोळंबला होता. मी त्यांना थांबवले नाही.